गोचीड तापाला एकच इंजेक्शन का चालत नाही

संकरित गाय सकाळी वैरणीला तोंड लावत नाही. कान गरम, डोळ्यांतून पाणी, रवंथ बंद, दूध निम्म्यावर. मेडिकलमधून 'तापाचं इंजेक्शन' येतं, जोडीला एखादं अँटिबायोटिक. संध्याकाळी ताप उतरतो, गाय दोन घास खाते, घरातल्यांना हायसं वाटतं. दुसऱ्या दिवशी थर्मामीटर पुन्हा 106 दाखवतो. असे चार दिवस गेले की पापणीच्या आतला गुलाबी रंग उडून पांढरा पडतो, गाय धापा टाकायला लागते, आणि मग जे डॉक्टर येतात त्यांच्या हातात फारसं काही उरलेलं नसतं.

वाईट याचं वाटतं की औषध असतं. चांगलं असतं, तालुक्याच्या गावी मिळतं. पण 'गोचीड ताप' हे एका रोगाचं नाव नव्हेच. त्या नावाखाली निदान तीन वेगळे जंतू येतात, ते जनावराच्या अंगात वेगवेगळ्या ठिकाणी ठाण मांडतात आणि प्रत्येकाचं औषध वेगळं असतं. एकाचं औषध दुसऱ्याला टोचलं तर पैसे जातात, आणि त्याहून वाईट म्हणजे दिवस जातात. कुठलं औषध कशावर चालतं आणि का चालतं, एवढं गोठ्यात कळलं तरी त्या चारातले तीन दिवस वाचतील.

अँटिबायोटिक इथे का थकतं

घटसर्प, फऱ्या, कासदाह हे रोग जिवाणूंमुळे होतात. जिवाणूच्या पेशीभोवती एक भिंत असते, गाईच्या पेशीला ती नसते. पेनिसिलिन त्या भिंतीचं बांधकाम बिघडवतं, म्हणून जिवाणू मरतो आणि गाईला काही होत नाही. अँटिबायोटिकची सगळी ताकद अशा फरकांवर उभी आहे.

गोचीड तापाच्या तीन जंतूंपैकी थायलेरिया आणि बबेसिया हे दोन प्रोटोझोआ आहेत. प्रोटोझोआ, म्हणजे शाळेच्या पुस्तकातले आदिजीव, एकाच पेशीचे असले तरी जिवाणू नाहीत. त्यांच्या पेशीत केंद्रक असतं, ऊर्जा बनवणारी तंतुकणिका असते. आतली बरीचशी यंत्रणा गाईच्या पेशीसारखीच. पेनिसिलिनला फोडायला भिंतच नाही. उलट, या जंतूला मारेल असं विष शोधावं तर ते गाईलाही बाधण्याची भीती. म्हणूनच या रोगांवरची औषधं मोजकी आहेत, त्यातली काही पन्नास-साठ वर्षांहून जुनी आहेत, आणि बरा करणारा डोस व अपाय करणारा डोस यांतलं अंतर बऱ्याच औषधांत कमी आहे. 'थोडं जास्तच टोचा डॉक्टर, लवकर गुण येऊ दे' हा आग्रह इथे धोक्याचा ठरतो.

मग शेजाऱ्याची गाय टेट्रासायक्लिन या अँटिबायोटिकने कशी उठली? बहुधा तिला ॲनाप्लाझ्मा होता. हा जंतूही गोचिडीतून येतो, तांबड्या रक्तपेशींत राहतो, ताप आणतो, रक्त कमी करतो, पण आहे तो जिवाणू. त्याच्यावर ऑक्सिटेट्रासायक्लिन उत्तम चालतं. वरून लक्षणं सारखी दिसतात, त्यामुळे एका गाईला लागू पडलेलं औषध सगळ्या गावात 'गोचीड तापाचं औषध' म्हणून प्रसिद्ध होतं. पुढच्या गाईला थायलेरिया असला की मात्र तेच औषध निष्प्रभ ठरतं.

थायलेरिया: पांढऱ्या पेशीला कामाला लावणारा जंतू

आपल्याकडच्या संकरित गाईंचा सगळ्यात मोठा शत्रू हाच. शास्त्रीय नाव थायलेरिया ॲन्युलाटा. हायलोमा जातीची गोचीड त्याला वाहून आणते. ही गोचीड गोठ्याच्या भिंतीच्या भेगांत, दगडांच्या फटीत, गव्हाणीखाली लपून राहते, म्हणून जनावर रानात न सोडता कायम बांधून ठेवलेल्या गोठ्यातही हा रोग होतो. खिल्लार, देवणी, डांगी, लाल कंधारी ही आपली जनावरं पिढ्यान्‌पिढ्या या जंतूबरोबर जगत आली आहेत. त्यांना बाधा झाली तरी ती बहुतेक वेळा सौम्य राहते. होल्स्टिन आणि जर्सीच्या रक्तात ती सवय नाही. संकरित वासरं तर पाहता पाहता जातात.

गोचिडीच्या लाळेतून जंतू आत शिरतो आणि पहिल्यांदा पांढऱ्या रक्तपेशीत घुसतो, म्हणजे रोगाशी लढायला नेमलेल्या पेशीतच. आत तो नुसता बसत नाही. त्या पेशीला सतत विभागत राहायला लावतो, आणि पेशी दुभंगताना स्वतःही तिच्या विभागणीच्या धाग्यांना धरून दोन्हीकडे वाटला जातो. एका बाधित पेशीच्या दोन बाधित पेशी, दोनाच्या चार. हे जवळजवळ कर्करोगासारखंच वागणं आहे. खांद्यापुढची गाठ लिंबाएवढी, कधी त्याहून मोठी फुगते ती यामुळेच. गाईच्या खांद्यासमोर हात फिरवून ती गाठ चाचपता येते, आणि ताप असलेल्या गाईत ती एका बाजूला जरी सुजलेली लागली तरी थायलेरियाचा संशय धरायलाच हवा.

नंतर जंतू या पेशींतून बाहेर पडून तांबड्या रक्तपेशींत शिरतो. त्या पेशी नष्ट होऊ लागतात, पापण्या फिक्या पडतात, कधी पिवळसर होतात. इथवर पोचलेल्या गाईचं रक्त इतकं कमी झालेलं असतं की जंतू मारूनही ती वाचेलच असं नाही. या टप्प्यावर कधी कधी दुसऱ्या निरोगी जनावराचं रक्त चढवावं लागतं. गाईंमध्ये पहिल्या वेळी रक्तगट जुळवण्याची अडचण सहसा येत नाही. ही सोय फार गोठ्यांना ठाऊक नाही.

औषध आहे ब्युपारव्हाक्वोन. गावात ते बुटालेक्स या नावाने जास्त ओळखलं जातं, जरी आता इतर कंपन्यांचंही मिळतं. प्रत्येक पेशीला जगायला ऊर्जा लागते आणि ती तंतुकणिकेत बनते. तिथे सायटोक्रोम बी नावाचं एक प्रथिन ऊर्जेच्या साखळीतला एक दुवा सांभाळतं. जंतूच्या तंतुकणिकेतल्या त्या प्रथिनाला ब्युपारव्हाक्वोन जाऊन चिकटतं आणि साखळी तिथेच तुटते. गाईचं तेच प्रथिन थोडं वेगळ्या घडणीचं असल्याने तिच्यावर हा परिणाम होत नाही. जंतू मेला की ती बेफाम वाढणारी पांढरी पेशीही विभागणं थांबवते. कर्करोगासारखी झालेली पेशी एका औषधाने पुन्हा थांबते, ही गोष्ट जगभरच्या संशोधकांना आजही अभ्यासावीशी वाटते.

डोस किलोमागे 2.5 मिलिग्रॅम, मानेच्या स्नायूत. नेहमीच्या 50 मिलिग्रॅमच्या औषधात हा हिशेब 20 किलोला 1 मिली असा येतो. म्हणजे 400 किलोच्या गाईला 20 मिली. गरज वाटली तर दोन-तीन दिवसांनी डॉक्टर दुसरा डोस देतात. हे औषध महाग आहे आणि घोळ तिथेच होतो: एक बाटली दोन गाईंत वाटून टोचली जाते. अर्ध्या डोसाने ताप खाली येतो, जंतू मात्र पुरता मरत नाही. जे जंतू तगतात त्यांच्यातच औषध पचवण्याची ताकद असण्याची शक्यता जास्त, आणि पुढची गोचीड तेच जंतू उचलून दुसऱ्या गाईकडे नेते. ट्युनिशिया, इराण, तुर्कस्तान या देशांत सायटोक्रोम बीच्या जनुकात बदल झालेले आणि ब्युपारव्हाक्वोनला दाद न देणारे जंतू सापडलेले आहेत. त्याच कामाचं, तेवढ्याच ताकदीचं दुसरं औषध आज हाताशी नाही. हे एक निकामी झालं तर संकरित गाईंच्या दुधावर चालणाऱ्या घरांनी काय करायचं, याचं उत्तर कोणाकडेच नाही.

या रोगावर लस मात्र आहे. इंडियन इम्युनॉलॉजिकल्सची 'रक्षाव्हॅक-टी', जिवंत पण दुबळे केलेले जंतू असलेली. ती द्रव नायट्रोजनमध्ये सांभाळावी लागते आणि बाहेर काढल्यावर लगेच वापरावी लागते, त्यामुळे एकट्या-दुकट्या जनावरासाठी मागवणं कठीण पडतं. गावातल्या दूध संस्थेने सगळ्यांची वासरं एकत्र करून कार्यक्रम लावला तर जमतं.

रक्ताचा एक थेंब

औषध टोचण्याआधी काय करायला हवं, तर रक्त बघायला हवं. याला पैसे फार लागत नाहीत, वेळही फार लागत नाही, आणि तरी सगळ्यात जास्त टाळली जाणारी गोष्ट हीच आहे.

कानाच्या टोकाजवळचे केस भादरून जागा स्पिरिटने पुसायची. ती कोरडी झाल्यावर तिथल्या बारीक शिरेला सुई टोचायची. पहिला थेंब पुसून टाकून पुढचा काचपट्टीच्या एका टोकाला घ्यायचा. दुसऱ्या काचपट्टीची कड तिरकी धरून थेंबाला टेकवायची, थेंब कडेने पसरला की एका दमात पुढे ओढायची. चांगला ओढलेला पापुद्रा शेवटाला इतका विरळ होतो की तिथे पेशी एकेकट्या सुट्या दिसतात. तो हवेत वाळवायचा, मिथेनॉलमध्ये बुडवायचा, मग जिम्सा नावाच्या रंगात ठेवायचा. धुऊन वाळवून तेलाच्या भिंगाखाली धरला की रंगलेले जंतू समोर येतात.

तांबड्या पेशीत नासपतीच्या आकाराची जोडी टोकाशी टोक लावून बसलेली दिसली तर बबेसिया. बारीक अंगठ्या किंवा स्वल्पविरामासारखे ठिपके दिसले तर थायलेरिया. पेशीच्या अगदी कडेला एकच गडद ठिपका असेल तर ॲनाप्लाझ्मा. पेशींच्या आत काही नाही, पण बाहेर वळवळल्यासारखी लांबट शेपटीची आकृती दिसली तर सर्रा, म्हणजे गोचिडीऐवजी माशीतून येणाऱ्या आदिजीवाचा ताप. थायलेरियाच्या सुरुवातीच्या दिवसांत मात्र तांबड्या पेशी स्वच्छ असू शकतात, कारण जंतू अजून पांढऱ्या पेशींतच असतो. तेव्हा सुजलेल्या गाठीतून सुईने पाणी काढून तपासतात आणि त्यात निळसर, ठिपक्याठिपक्यांचे गोळे शोधतात. रॉबर्ट कॉख यांच्यावरून त्यांना 'कॉखचे निळे गोळे' म्हणतात.

ही तपासणी तालुक्याच्या पशुवैद्यकीय चिकित्सालयात, जिल्ह्याच्या सर्वचिकित्सालयात होऊ शकते. पुण्यात औंधला रोग अन्वेषण विभाग आहे, पशुवैद्यकीय महाविद्यालयांच्या प्रयोगशाळा आहेत. ज्या गावातून हे सगळं लांब पडतं तिथे डॉक्टर लक्षणांवरून औषध सुरू करतात, आणि 106 ताप असलेल्या गाईसाठी ते बरोबरच आहे. पण औषध टोचण्याआधी काचपट्टी ओढून ठेवायला काय हरकत आहे? औषध गेल्यावर रक्तातले जंतू दिसेनासे होतात आणि मग गुण आला नाही तर पुढे काय करायचं याचा धागाच हाती राहत नाही.

लाल लघवी आणि निळा रंग

बबेसिया ओळखायला सगळ्यात सोपा, कारण तो लघवीत दिसतो. जंतू तांबड्या पेशीत वाढतो, पेशी फोडून बाहेर येतो, फुटलेल्या पेशींतला रंग लघवीतून उतरतो. ताप आणि चहाच्या कोऱ्या काढ्यासारखी गडद लाल लघवी एकत्र दिसली की थांबायचं नाही. थायलेरिया काही दिवसांचा अवधी देतो, बबेसिया कधी कधी तोही देत नाही.

या रोगाने वैद्यकशास्त्राला एक फार मोठी गोष्ट शिकवली. अमेरिकेत टेक्सासकडून उत्तरेला नेलेल्या गुरांमागे तिथली स्थानिक गुरं मरत होती. थिओबाल्ड स्मिथ आणि फ्रेड किलबॉर्न यांनी 1893 साली दाखवून दिलं की हा रोग गोचिडीतून पसरतो. कीटकांच्या किंवा त्यांच्या भाऊबंदांच्या चाव्यातून रोग पसरतो याचे भक्कम पुरावे जगाला मिळू लागले त्यातला हा एक आरंभीचा. मलेरियाचा डास त्यानंतर सापडला.

पहिलं औषध रंगाच्या कारखान्यातून आलं. जंतू रंगवायला वापरले जाणारे रंग जंतूला चिकटतात, मग मारूही शकतील का, या विचारातून 1909 मध्ये नटॉल आणि हॅडवेन यांनी ट्रायपॅन ब्लू हा निळा रंग बबेसियावर वापरला. जंतू मेले, पण जनावराचं मांस निळं पडायचं. अशा औषधाला खाटीक आणि गवळी दोघेही कंटाळणारच.

आज डिमिनाझिन ॲसिट्युरेट वापरतात, जुन्या मंडळींचं बेरेनिल. 1955 च्या सुमारास बाजारात आलेलं हे औषध जंतूच्या डीएनएच्या खोबणीत जाऊन अडकतं, त्यामुळे त्याची नक्कल होणं थांबतं. डोस किलोमागे 3.5 मिलिग्रॅम, स्नायूत खोल. दुसरं औषध इमिडोकार्ब. ते त्वचेखाली देतात आणि ते शरीरात इतका काळ टिकतं की मोठ्या डोसाने काही आठवडे संरक्षणही देतं. ते टोचल्यावर गाय लाळ गाळते, पोटात कळ येऊन अस्वस्थ होते. डॉक्टर त्यासाठी ॲट्रोपिन जवळ ठेवतात. टिकण्याची दुसरी बाजू म्हणजे ते मांसातही टिकतं. ब्रिटनमध्ये हे औषध दिलेलं जनावर 213 दिवस कत्तलीला पाठवता येत नाही.

आता मूळ मुद्दा. बेरेनिल थायलेरियावर चालत नाही. ब्युपारव्हाक्वोन सर्रावर चालत नाही. गावोगावी 'आधी बेरेनिल मारून बघू, नाही तर बुटालेक्स' असा क्रम लागलेला दिसतो, कारण बेरेनिल स्वस्त आहे. थायलेरिया झालेल्या गाईसाठी या क्रमात गेलेले दोन दिवस म्हणजे तिच्या पांढऱ्या पेशीतून तांबड्या पेशीत जायला जंतूला दिलेली सवड.

कुत्रा पाळणाऱ्यांसाठी एवढंच: कुत्र्यालाही गोचिडीतून बबेसिया होतो, पण आपल्याकडे आढळणारा बारीक बबेसिया गिब्सोनाय बेरेनिलने नीट जात नाही. त्यासाठी ॲटोव्हाक्वोन आणि ॲझिथ्रोमायसिन एकत्र देतात. बेरेनिलचा डोस चुकला तर कुत्र्याच्या मेंदूला इजा होते. गाईची उरलेली बाटली कुत्र्याला कधीच वापरू नये.

सर्रा, आणि चंद्रपूरचा एक शेतकरी

सर्राचा जंतू पेशीत शिरत नाही, रक्ताच्या पाण्यात पोहतो. ट्रिपॅनोसोमा इव्हान्साय. ग्रिफिथ इव्हान्स या पशुवैद्याला तो 1880 मध्ये तेव्हाच्या पंजाबातल्या डेरा इस्माईल खान इथे घोड्यांच्या आणि उंटांच्या रक्तात सापडला. याला गोचीड लागत नाही. टॅबॅनस जातीची मोठी चावरी माशी, जिला घोडमाशी म्हणतात, एका जनावराला चावून लगेच दुसऱ्याला चावली की तोंडाला लागलेल्या रक्तातून जंतू जातो. एकच सुई न उकळता चार जनावरांना टोचली तर माशीचं काम माणूसच करतो.

घोडा, उंट, कुत्रा यांच्यासाठी सर्रा जीवघेणा. गाई-म्हशींत तो बहुधा लपून राहतो; जनावर झडत जातं, ताप येतो-जातो, दूध तुटतं, म्हैस गाभडते. कधी मात्र अचानक उसळतो आणि जनावर एकाच बाजूला गोल गोल फिरतं, भिंतीला डोकं लावून उभं राहतं, आणि कोसळतं.

सर्रावर लस नाही, आणि त्याचं कारण जंतूच्या अंगरख्यात आहे. त्याच्या अंगावर एका प्रथिनाचं दाट आवरण असतं. जनावराचं शरीर त्या आवरणाला ओळखून लढाऊ द्रव्य तयार करतं, बहुतेक जंतू मरतात, ताप उतरतो. तोवर काही जंतूंनी अंगरखा बदललेला असतो. त्यांच्याकडे अशी शेकडो आवरणं लिहून ठेवलेली जनुकं आहेत. येऊन जाऊन ताप येतो तो या पाठशिवणीमुळे. शरीर एकटं ही लढाई जिंकत नाही, म्हणून सगळा भार औषधावर पडतो.

आपल्याकडे क्विनापायरामिन जास्त वापरतात. याचे दोन क्षार एकत्र करून देतात: सल्फेट पटकन रक्तात उतरतं आणि आजार मोडतं, क्लोराइड सावकाश सुटत राहतं आणि पुढचे काही आठवडे-महिने नव्या लागणीपासून राखतं. टोचलेल्या जागी सूज येते, कधी जनावर थरथरतं, लाळ गाळतं. त्या दिवशी त्याला उन्हात चालवू नये, कामाला जुंपू नये. डिमिनाझिन सर्रावरही चालतं, पण त्याला संरक्षण देण्याइतका टिकाव नाही. आणि यातली बरीच औषधं मेंदूत पुरेशी पोचत नाहीत. चक्कर मारणाऱ्या जनावराच्या रक्तातले जंतू संपतात, मेंदूकडे गेलेले उरतात आणि काही दिवसांनी रक्तात परत येतात. म्हणूनच 'औषध देऊनही पुन्हा उलटलं' ही तक्रार सर्रात जास्त ऐकू येते. आफ्रिकेत क्विनापायरामिनच्या बेसुमार वापरातून असे जंतू तयार झाले की त्यांना इतर औषधंही लागू पडेनात. शेवटी 1976 मध्ये तिथे गुरांसाठी त्याचा वापर थांबवावा लागला.

सर्रा माणसाला होत नाही असं पाठ्यपुस्तकं सांगत आली. 2004 मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्याला ताप येऊन जाऊन येत राहिला. रक्त भिंगाखाली धरलं तर त्यात ट्रिपॅनोसोमा, तेही गुरांचा. माणसात या जंतूची लागण निश्चितपणे सिद्ध झालेला तो जगातला पहिला रुग्ण. जागतिक आरोग्य संघटनेमार्फत सुरामिन हे औषध आलं. हे पहिल्या महायुद्धाच्या काळात जर्मनीतल्या बायर कंपनीत, ट्रायपॅन ब्लूच्याच वंशातून शोधलेलं, पण रंग नसलेलं औषध. शेतकरी बरा झाला.

त्यालाच का झाला, याचा उलगडा 2006 मध्ये झाला. आपल्या सगळ्यांच्या रक्तात एपीओएल-1 नावाचं एक प्रथिन असतं, ते या जंतूला थेट मारतं. आयुष्यभर गुरांत वावरूनही आपल्याला सर्रा होत नाही तो या प्रथिनामुळे. त्या शेतकऱ्याच्या दोन्ही जनुकप्रतींत बिघाड होता, त्यामुळे त्याच्या रक्तात ते प्रथिन काम करत नव्हतं. सर्रा झालेल्या जनावराचं रक्त हाताळताना हातमोजे घालायला हवेत, जखम उघडी ठेवू नये, हे यातून गोठ्यात काम करणाऱ्याने घ्यावं. घाबरून जाण्याचं कारण नाही.

कोंबड्यांची रक्ती हगवण

गोचिडीशी संबंध नसला तरी हा रोगही आदिजीवाचाच. पण इथे सगळं गणित बदलतं, कारण एका पक्ष्यावर उपचार करण्याला अर्थ नाही. आयमेरिया हा जंतू आतड्याच्या अस्तरात वाढतो, विष्ठेतून त्याची अंडीवजा पुटिका बाहेर पडते, ओल्या तुसात एक-दोन दिवसांत पिकते आणि दुसऱ्या पक्ष्याच्या चोचीतून पोटात जाते. विष्ठेत रक्त दिसतं तेव्हा लागणीला चार-पाच दिवस होऊन गेलेले असतात आणि त्या पक्ष्याच्या आतड्याचं नुकसान झालेलं असतं. तेव्हा दिलेलं औषध मुख्यतः बाकीच्या शेडला वाचवतं. आजारी पक्षी खाद्य सोडतो पण पाणी पितो, म्हणून उपचाराचं औषध पाण्यातून.

ॲम्प्रोलियम हे त्यातलं सगळ्यांच्या ओळखीचं. त्याची घडण थायमिन, म्हणजे जीवनसत्त्व बी-1 सारखी आहे. जंतूला वाढायला थायमिन भरपूर लागतं. तो थायमिन समजून ॲम्प्रोलियम आत घेतो आणि उपाशी मरतो. पक्ष्याची थायमिन आत घेणारी यंत्रणा या फसवणुकीला इतकी सहज बळी पडत नाही, म्हणून औषध सुरक्षित. आता बघा, रक्ती हगवण दिसली की कोंबड्या अशक्त झाल्या म्हणून त्याच टाकीत बी-कॉम्प्लेक्सही ओतलं जातं. जंतूला हवं ते थायमिन आपणच पुरवतो आणि मग 'औषध बोगस निघालं' म्हणतो. जीवनसत्त्वं औषधाचे दिवस संपल्यावर द्यावीत. उलट बाजूनेही सांगायला हवं: वासरांना ॲम्प्रोलियम जास्त दिवस, जास्त डोसाने दिलं तर त्यांना थायमिन कमी पडून मेंदूचा विकार होतो.

ब्रॉयलरच्या खाद्यात मोनेन्सिन, सॅलिनोमायसिन ही औषधं रोजच्या प्रतिबंधासाठी मिसळलेली असतात. ती जंतूच्या आवरणातून सोडियम आत सोडतात, पाठोपाठ पाणी शिरतं, जंतू फुगून फुटतो. यांचे दोन धोके प्रत्येक कुक्कुटपालकाने लक्षात ठेवावेत. एक, श्वसनाच्या आजारावर टायम्युलिन सुरू असताना हे खाद्य दिलं तर यकृत मोनेन्सिन मोडू शकत नाही, ते अंगात साठतं आणि पक्षी लुळे पडून मरतात. दोन, घोड्याला मोनेन्सिन फार थोडं झालं तरी ते हृदय बंद पाडतं. शर्यतीच्या, लग्नाच्या किंवा टांग्याच्या घोड्याला कोंबडीचं उरलेलं खाद्य घालणं म्हणजे त्याचा जीव घेणं.

तूस कोरडं ठेवणं हे इथे औषधाइतकंच महत्त्वाचं. त्या पुटिकांना साधं फिनाईल काही करत नाही. कोरडेपणा आणि उष्णता यांनी त्या मरतात. शेळीच्या करडांनाही कॉक्सिडिया, म्हणजे अशाच जंतूची हगवण, होतो, पण तो जंतू वेगळा, कोंबडीकडून येत नाही.

वजन, वही आणि दूध

या सगळ्या औषधांचा डोस किलोवर आहे आणि गोठ्यात काटा नसतो. नजरेने काढलेलं वजन हमखास चुकतं, आणि चुकतं ते बहुधा कमीकडे. टेलरची टेप घ्यावी. पुढच्या पायांच्या मागून छातीचा घेर आणि खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या हाडापर्यंतची लांबी इंचात मोजावी. घेराला घेराने गुणून त्याला लांबीने गुणावं आणि 660 ने भागावं, की किलोत वजन येतं. घेर 66 इंच, लांबी 58 इंच असेल तर साधारण 383 किलो. म्हणजे ब्युपारव्हाक्वोन 19 मिली. ज्या गाईला 'असेल तीनशे किलो' म्हणून 15 मिली टोचलं असतं, तिच्या डोसात पाचवा हिस्सा कमी पडला असता.

डिमिनाझिनची पूड पाण्यात कालवून वापरतात. कालवलेलं औषध फार दिवस टिकत नाही. मागच्या महिन्यातली अर्धी बाटली फडताळात असेल तर ती टाकून द्यावी.

औषध दिलं ती तारीख, नाव, मिली आणि डोस देतानाचा ताप वहीत लिहावा. डॉक्टर दुसऱ्यांदा येतील तेव्हा त्यांना सगळ्यात आधी हेच हवं असतं. आणि औषधाच्या बाटलीवर लिहिलेले दिवस पाळून तोवरचं दूध डेअरीला घालू नये. ब्युपारव्हाक्वोनच्या बाबतीत दुधासाठी 2 दिवस, मांसासाठी 42 दिवस असं सांगितलेलं आहे. इतर औषधांचे दिवस वेगळे. तापातल्या गाईचं दूध आधीच आटलेलं असतं, त्यामुळे नुकसान थोडंच असतं, पण त्याच डेअरीतून ते कोणाच्या तरी लहान मुलाच्या पेल्यात जातं.

आणि गोठ्याच्या भिंतीच्या भेगा सिमेंटने किंवा शेणामातीने बुजवून घ्याव्यात, पावसाळ्याच्या आधी. जनावराच्या अंगावरची गोचीड औषधाने मरते, पण हायलोमाची अंडी त्या भेगांत असतात. एका मादीची अंडी काही हजारांच्या घरात जातात.